गाडी कुणी चालवली

धोंड्याचा महिना दर तीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे घरचा देव असतो. त्याला ओवाळायचं, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, आणि तो जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. कुणी अंगठी मागतं, कुणी घड्याळ. रविराजनं जीपची किल्ली मागितली.

कळंबच्या अलीकडं, कालव्याला लागून तात्याबा आणि दादासाहेब या दोघा भावांची वस्ती होती. त्यांच्या आज्याची मेंढरं पार कोकणाच्या तोंडापर्यंत चरून यायची. पुढं कालव्याचं पाणी मिळालं, ऊस आला, म्हशी आल्या, मेंढरं गेली. वाडीवस्तीचं दूध गोळा करून डेअरीला घालायला एक जुनी जीप घेतली. जीप धाकट्या दादासाहेबाच्या नावावर, पण चालवायचा थोरला तात्याबा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. ऐन उमेदीची वर्षं मेंढरांमागं गेली आणि परत येऊन बघतो तर सोयरिकीचं वय उलटून गेलेलं. पन्नाशीला त्यानं स्टिअरिंग धरलं आणि बारामतीला खेटे घालून लायसन काढलं. घरात लायसनवाला तो एकटाच. गाडी इतकी सावकाश हाकायचा की सायकलवाले पुढं जाऊन मागं वळून हसायचे.

रविराज दुहेरी नात्यातला. दादासाहेबाची बहीण कौसल्या बावड्याला दिलेली, तिचा हा मुलगा. म्हणजे भाचा. त्यालाच दादासाहेबानं आपली सुकन्या दिली, म्हणून जावई. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा होता. शहाण्णव सालचा आषाढ, पण पावसाचा पत्ता नव्हता. वारं सुटायचं, ढग डोक्यावरून पंढरपूरच्या दिशेला निघून जायचे आणि खाली ऊन तसंच तापत राहायचं.

सकाळी सारजेनं, दादासाहेबाच्या बायकोनं, जावयाला पाटावर बसवून ओवाळलं. कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. नवा पांढरा शर्ट, पांढरी विजार, डोक्याला टोपी. पोरगा दिसायला देखणाच होता, त्या कपड्यात तर उठून दिसला. चुलीवर पुरण शिजत होतं. रविराज अंगणात येऊन म्हणाला,

"मामा, किल्ली द्या. काटेवाडीला दोस्ताला भेटून येतो. जेवणाला येळ हाय अजून."

तात्याबा लिंबाखाली वाख घेऊन बसला होता. घायपाताचा तो पांढरा वाख मांडीवर वळून तो जनावरांची दावी करायचा. हात न थांबवता तो म्हणाला, "मी येतो संगं."

"कशाला? मला येती की गाडी."

"येती, पर लायसन कुठं हाय तुझ्याकडं?"

"लायसन काय गाडी चालवतंय व्हय मामा?"

सगळे हसले. सुकन्याही हसली, नवऱ्याच्या हजरजबाबीपणाचं तिला कौतुक. दादासाहेब म्हणाला, "जाऊ द्या तात्या. धोंड्याच्या जावयाला न्हाय म्हणायचं व्हय?"

तात्याबानं वाख खाली ठेवला, धोतराच्या कनवटीची किल्ली सोडली आणि भाच्याच्या हातावर ठेवली. दावं अर्धं वळून झालं होतं.

ऊन माथ्यावर आल्यावर जीप परत आली. रविराजनं ती अंगणात न आणता गोठ्यामागं लावली. पाय धुवायला बराच वेळ लावला. मग पाटावर बसला आणि जेवला. चांगला जेवला. सारजेनं धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली, त्यानं आणखी मागितली. जेवताना त्याच्या कपाळावरची एक अक्षता ताटात पडली, ती त्यानं बोटानं उचलून बाजूला टाकली. सारजेला हे पुढं कितीदा आठवलं असेल त्याला गणती नाही. आपण त्याला आग्रह करत होतो, याचीच तिला जास्त लाज वाटायची.

तो हात धुतोय तोवर कालव्याकडून एक जण सायकल दामटत आला. भागूबाईला गाडीनं उडवलं म्हणाला. बाभळीपाशी पडलीय, जीव गेलाय.

भागूबाई म्हणजे कालव्याच्या कडेचं गवत कापून विकणारी बाई. नवरा नव्हता. म्हाळसा नावाची एक पोरगी, एक शेळी, एवढाच तिचा बारदाना. दादासाहेब गोठ्यामागं गेला. जीपचा डावा दिवा फुटला होता आणि बंपरच्या खाचेत हिरवं गवत अडकलं होतं.

"एकदम आडवी आली मामा," रविराज म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "जागच्या जागी गेली. थांबून काय उपयोग व्हता?"

दादासाहेबानं त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. दारात सुकन्या उभी होती.

*

बारामतीत बादशाहभाईचं लहानसं दुकान होतं. गाड्यांचे विमे उतरवायचा, आरटीओची कामं करायचा. जीपचा विमा त्यानंच उतरवला होता. दोघं भाऊ त्याच्यासमोर बाकड्यावर बसले. त्यानं चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"विमा चालू हाय ना?" दादासाहेबानं विचारलं. "हप्ता भरलाय आमी."

"विमा चालू हाय, दादासाहेब. मेलेल्याच्या वारसाला भरपाई कंपनी देती. त्याच्यासाठीच असतो त्यो." बादशाहभाईनं कप खाली ठेवला. "पर एक अट असती. चालवणाऱ्याकडं लायसन पायजे. बिगर लायसनच्या माणसाला तुमी आपल्या हातानं किल्ली दिली, तर कंपनी हात वर करती. मग समदी भरपाई मालकाच्या बोडक्यावर. म्हंजी तुमच्या."

"म्हंजी किती?"

"कोर्ट ठरवंल. पर कालव्याकडंचा तुकडा जाईल, एवढं समजा."

कालव्याकडचा तुकडा म्हणजे त्या घराचं पोट. बाकीची जमीन खडकाळ, तिथं पावसाच्या भरवशावर बाजरी पिकायची. दादासाहेबाचा चेहरा उतरला. बादशाहभाई भला माणूस, खोटं बोला असं त्यानं तोंडानं सांगितलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "घरात लायसनवाला कोण हाय तुमच्यात?" आणि मग तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

दादासाहेब भावाकडं बघत नव्हता. तात्याबा आपल्या तळव्यांकडं बघत होता, वाखानं त्यांना घट्टे पडले होते.

"तात्या," दादासाहेब म्हणाला, "भागूबाईच्या पोरीला तरी पैसं लौकर मिळतील. कंपनीकडनं. आपल्याकडनं तिला काय मिळणार?"

"व्हय."

"सुकन्याचा संसार हाय. रविराज आत गेला तर..."

"व्हय म्हणलं की," तात्याबा म्हणाला. "मी चालवत व्हतो."

इतकं सोपं झालं ते. असं सगळीकडंच होतं, यात नवीन काही नव्हतं. चालवतो एक आणि नाव लागतं दुसऱ्याचं, त्याला कुणी फार मोठं पाप समजत नाही. पोलिसानं विचारलं तेव्हा तात्याबानं रविराजनं सांगितलेली दोन वाक्यं सांगितली. बाई एकदम आडवी आली. जागच्या जागी गेली. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला त्याला बाभळीपाशी नेलं. रस्त्यावर काचा होत्या, गवत वाळून पडलं होतं. हवालदार मोजमाप घेत होता आणि तात्याबा बाभळीच्या बुंध्याकडं बघत उभा होता. सालीवर दोरीनं घासल्याची ताजी खूण होती. जामीन झाला. तो घरी आला, जेवला, झोपला.

लिंबाखालचं अर्धं दावं मात्र त्यानं पुन्हा हातात घेतलं नाही.

*

पहिल्यांदा सारजेच्या लक्षात आला तो पाय. तात्याबा जेवायला बसला की मांडी घालायचा नाही. उजवा पाय पुढं सोडायचा. घास तोंडाशी नेताना मध्येच तो पाय जोरानं जमिनीवर दाबला जायचा, पायाची बोटं पांढरी पडायची, मान मागं जायची. मग तो भानावर यायचा आणि पुन्हा जेवायला लागायचा.

"पाय दुखतोय का तात्या?"

"न्हाय. ब्रेक लागंना."

तिला वाटलं, थट्टा करतोय. तात्याबा थट्टा करत नसे, पण माणसाला जे वाटून घ्यायचं असतं तेच तो वाटून घेतो.

मग कपाळ. बोलता बोलता त्याचा हात कपाळाकडं जायचा आणि तो दोन बोटांनी काहीतरी टिपल्यासारखं करायचा. टिपून बाजूला टाकायचा. कपाळ कोरडं असायचं. तो कधी गंधही लावत नसे. सारजेनं हे दादासाहेबाला सांगितलं. तो म्हणाला, माशी बसत असंल. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या होत्या, म्हाळसेनं कुणाच्या तरी सांगण्यावरून वकील दिला होता, आणि दादासाहेबाला दुसरं काही ऐकून घ्यायचं नव्हतं.

एकदा म्हशींसाठी पेंड आणायला म्हणून सारजा जीपमधून तात्याबाबरोबर निघाली. मागं दुधाचे रिकामे कॅन खडखडत होते. दुपार होती. कालव्याला पाणी सुटलेलं नव्हतं, तळाचा चिखल उकलला होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाभळ आली आणि तात्याबानं गाडी थांबवली, किल्ली फिरवली. कॅन गप्प झाले.

"काय झालं?"

तो उतरला. रस्त्याच्या कडेला गेला, तिथं वाकला, दोन्ही हातांनी काहीतरी उचलून बाजूला ठेवलं. थोडा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला, कुणाचं बोलणं ऐकत असल्यासारखा. मग उठून बाभळीपाशी गेला. बुंध्यापाशी त्याची बोटं चालायला लागली. सारजेला ती बोटं चांगली दिसत होती. ती गाठ सोडत होती. उभा जन्म दावी वळलेल्या, बांधलेल्या, सोडलेल्या माणसाची बोटं. त्यांच्यात दोरी नव्हती. ओढत होती, पिळत होती, नखानं उकलत होती, आणि गाठ काही सुटत नव्हती, हेही तिला कळत होतं.

उन्हात तिला थंडी वाजली.

तो परत येऊन बसला आणि गाडी चालू केली.

"तात्या, काय करत व्हतात तितं?"

"कुठं?"

"आत्ता. बाभळीपाशी."

तो रस्त्याकडं बघत राहिला. "काय न्हाय. शेळीचं बघितलं."

"कसली शेळी?"

त्यानं गिअर टाकला. पेंड घेऊन दोघं दुसऱ्या रस्त्यानं, लांबून घरी आले. तसं वळून न्यायला सारजेनंच सांगितलं.

त्या संध्याकाळी तिनं लिंबाखालून ते अर्धं दावं उचललं आणि त्याच्यासमोर धरलं. धूळ बसून ते मळकट झालं होतं. "हे कुणी वळलं, तात्या?"

त्यानं हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. "चांगलं वळलंय. कुणाचं हाय?"

"तुमचंच. रविराज गाडी घिऊन गेला तवा तुमी हितं बसून वळत व्हतात. मी बघितलंय. तुमी तितं न्हवतात."

तात्याबा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, वेडही नव्हतं. समजूतदार माणूस लहान पोराकडं बघतो तसं त्यानं बघितलं.

"मी न्हवतो, मग गाडी कुणी चालवली?" त्यानं विचारलं.

सारजा आत गेली आणि चुलीपुढं बसून रडली. ज्यानं केलं तो बावड्यात दोन वेळा पोटभर जेवत होता. सुकन्या आली की सांगायची, त्यांना काही त्रास नाही आई, रात्री झोपले की सकाळीच उठतात. आणि ज्यानं काही केलं नाही त्याच्या अंगावर हे. सारजेला जावयाचा असा संताप आला की आपलाच जावई आहे हे ती क्षणभर विसरली.

दिवाळीला रविराज आला तेव्हा तिनं त्याला गोठ्यात गाठलं.

"खरं सांगा. ती बाई जागच्या जागी गेली का?"

"व्हय मामी. किती येळा सांगू?"

"तितं शेळी व्हती का?"

रविराज म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होता, तो हात थांबला. "कसली शेळी? मी काय शेळ्या बघायला थांबलो व्हतो का?" तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला. त्या खेपेला एक दिवस आधीच त्यानं बावड्याची गाडी धरली.

*

दावा लांबत लांबत तिसऱ्या वर्षात गेला. तात्याबाची साक्ष निघाली तेव्हा थंडी पडली होती. दादासाहेबानं आदल्या दिवशी त्याला समोर बसवून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. आडवी आली. जागच्या जागी गेली. दोन वाक्यं, जास्त एक शब्द नको. तात्याबानं ती बरोबर म्हटली. साक्षीत गडबड झाली तर तुकडा गेला, हे घरातल्या म्हशींनाही कळलं असेल इतक्या वेळा ते बोलून झालं होतं.

बारामतीच्या कोर्टात सगळे बाकांवर बसले. म्हाळसा पुढं, तिच्या वकिलाच्या मागं. तिचं लग्न झालं होतं, कडेवर लेकरू होतं. बादशाहभाई भिंतीशी उभा होता. रविराजला यायची गरज नव्हती, पण दादासाहेबानं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. आपल्यासाठी कोण उभं राहतंय ते त्यानं डोळ्यांनी बघावं, म्हणून. तो शेवटच्या बाकावर सुकन्येजवळ बसला.

विमा कंपनीचा वकील तरुण होता, आवाज न चढवता बोलणारा. त्यानं लायसन बघितलं, नंबर वाचला, परत दिलं. म्हणाला, "बाबा, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"बाई एकदम आडवी आली," तात्याबा म्हणाला. "जागच्या जागी गेली."

"बरं." वकील खाली बसायला वळला. दादासाहेबानं श्वास सोडला.

"पर जागच्या जागी गेली न्हाय ती," तात्याबा म्हणाला.

वकील वळला. जज्जसाहेबांनी मान वर केली. तात्याबाचा उजवा पाय पिंजऱ्याच्या फळीवर दाबला गेला, फळी कुरकुरली.

"ब्रेक लागला न्हाय. गाडी पुढं जाऊन थांबली. मी उतरून मागं आलो. ती कडंला पडली व्हती, गवताचा भारा अंगावर पडला व्हता. मी भारा उचलून बाजूला ठेवला. तिनं डोळं उघडलं. माझ्याकडं बघितलं. कापडं बघितली, कपाळ बघितलं. आन जराशी हसली. म्हणली, जावईबापू, माझं ऱ्हाऊ द्या. शेळी उन्हात बांधलीया, तेवढी सोडा."

त्याचा हात कपाळाकडं गेला. दोन बोटांनी त्यानं काहीतरी टिपलं आणि बाजूला टाकलं. सारजेनं तोंडाला पदर लावला. ते कुंकू तिच्या बोटानं लावलेलं होतं. त्या अक्षता तिनं चिकटवलेल्या होत्या. आणि तात्याबा त्या वेळी लिंबाखाली बसला होता.

"मग?" वकिलानं विचारलं.

"मग मी बाभळीकडं बघितलं. गाठ लांब व्हती. गाडीत बसलो आन घरी आलो." तात्याबाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण आवाज सरळ होता. "धोंडं केलं व्हतं. जेवाण खोळंबलं व्हतं."

म्हाळसा उठून उभी राहिली. तिला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. कडेवरचं लेकरू तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

"आमची शेळी मेली व्हती, साहेब. झाडाला येढं घालून घालून दाव्याचा फास बसला तिला. आईचं मैत दवाखान्यात नेल्यावर संध्याकाळी मी एकटी गेली, तितंच कालव्याच्या कडंला पुरली. कुणाला बोलली न्हाय. मला सांगितलं व्हतं, आई जागीच गेली. तिला कायसुदिक कळलं न्हाय, म्हणून सांगितलं व्हतं."

जज्जसाहेबांनी तिला हातानंच बसायची खूण केली. वकील तात्याबाच्या जवळ गेला. त्याचा चेहरा आता वकिलासारखा राहिला नव्हता.

"बाबा," त्यानं हळू विचारलं, "तुम्ही कुणाचे जावई?"

"मी?"

"ती बाई तुम्हाला जावईबापू म्हणाली ना?"

तात्याबानं विचार केला. पायाचा दाब सुटला, फळी पुन्हा कुरकुरली. खोल पाण्यातून वर यावं तसा तो वर आला आणि समोरच्या माणसांकडं एकेक करून बघू लागला. धाकटा भाऊ. भावजय. बादशाहभाई. म्हाळसा.

"माझं लगीनच झालं न्हाय, साहेब," तो म्हणाला.

आणि मग त्याची नजर शेवटच्या बाकावर गेली. सगळ्यांच्याच माना तिकडं वळल्या. रविराज ताठ बसला होता. सुकन्या त्याच्यापासून सरकून बाकाच्या टोकाला गेली होती. रविराजचा उजवा हात वर आला होता आणि दोन बोटं कपाळाशी काहीतरी टिपत होती.

*

बाहेर आल्यावर तात्याबा पायरीवर बसला आणि म्हणाला, "सारजा, भूक लागली गं." मग आजूबाजूला बघून म्हणाला, "आपुन हितं कशाला आलोय? माझं दावं अर्धंच ऱ्हायलंय घरी."

दादासाहेब त्याच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. तो जावई कोण, गाडी कुणी चालवली, हे कोर्टात उघड झालं आणि कंपनी सुटली. बिगर लायसनच्या माणसाच्या हाती मालकानं जाणूनबुजून गाडी दिली, तेव्हा भरपाई मालकानं द्यायची असा निकाल लागला. कालव्याकडचा तुकडा विकला, उभ्या उसासकट. म्हाळसेला तिचे पैसे मिळाले. ती आभार मानायला आली नाही आणि तेच बरं झालं. फौजदारीचं गुऱ्हाळ आता रविराजच्या नावानं चालू झालं. तात्याबानं दावं पुरं केलं, पुढचं घेतलं. पुन्हा मांडी घालून बसायला लागला. पोटभर जेवायला लागला. बाभळीवरून गेला तरी त्याला काही आठवत नसे. तुकड्याचं त्याला वाईट वाटायचं, पण आपण कोर्टात काय बोललो हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

नव्याण्णवला पुन्हा धोंड्याचा महिना आला, या वेळी जेठात, ऐन उन्हाळ्यात. दादासाहेब म्हणाला, यंदा नको बोलवायला. सारजा म्हणाली, बोलवायचं. का, ते तिनं सांगितलं नाही.

रविराज एसटीनं आला. गाडी चालवणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. तो वाळला होता, गाल आत गेले होते. सुकन्या त्याच्यामागं चार पावलं ठेवून चालत होती. सारजेनं पाट मांडला, ताम्हण घेतलं. कुंकवाचं बोट पुढं केलं तसा तो मागं सरकला.

"कपाळाला नको, मामी."

तिनं तरी लावलं. वर अक्षता चिकटवल्या. बोटाखाली त्याचं कपाळ गार लागलं. नवे पांढरे कपडे तो घालून आला तेव्हा ते त्याच्या अंगावर कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

ताट वाढलं. धोंड्यावर तूप घातलं. त्यानं मांडी घातली नव्हती. उजवा पाय पुढं होता आणि जमिनीवर दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. घास हातातच राहिला. मग ताट तसंच ठेवून तो उठला आणि अनवाणी उन्हात चालू लागला. सुकन्या जागची हलली नाही. अंगणात लिंबाखाली तात्याबा वाख वळत होता. भाचा जवळून गेला तेव्हा त्यानं वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

सारजा जावयाच्या मागं गेली. रस्ता तापला होता, त्याचे पाय भाजत असणार, पण चाल बदलत नव्हती. कालव्याला पाणी नव्हतं. तो कडेला वाकला, दोन्ही हातांनी काहीतरी उचलून बाजूला ठेवलं, उकिडवा बसला. मग बाभळीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि त्याची बोटं चालायला लागली. त्याला दावी सोडायची सवय नव्हती. बुंध्याच्या सालीवर नखं घासून रक्त यायला लागलं.

"मामी," तो मागं न बघता म्हणाला, "गाठ सुटंना."

आपल्याला दया येईल असं सारजेला वाटलं होतं. तिनं बघितलं, थोडी वाट बघितली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती बाभळीच्या विरळ सावलीत बसली.

"सावकाश सोडा," ती म्हणाली. "जेवणाला येळ हाय अजून."